मडफ्लॅप

आमची २००९ सालची गाडी तापली की बंद पडते आणि वीस मिनिटांनी, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू होते. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत अशी जागा उरलेली नाही, जिथे मी बॉनेट उघडून, आतले ओ की ठो कळत नसताना, गंभीर चेहऱ्याने उभा राहिलेलो नाही. मिस्त्रीकडे नेली की मात्र ती गुणी बाळासारखी वागते आणि "साहेब, गाडीत काही प्रॉब्लेम नाही" हे वाक्य मी दर वेळी पैसे मोजून ऐकतो. पंधरा वर्षे उलटल्यावरही आरटीओत तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवता येते, ही माहिती मी उत्साहाने घरी दिली; त्यावर "मग ती पाच वर्षं तुम्ही एकटेच फिरा तिच्यातून," एवढेच बोलून सौभाग्यवती पोळ्या लाटू लागल्या.

शोरूममध्ये टाय लावलेल्या एका तरुणाने आमचा ताबा घेतला. गाडीची किंमत हा शब्द त्याला वर्ज्य असावा, कारण मी किंमत विचारली की तो हप्ता सांगत असे. शेवटी फलकावरच्या आठ लाखांकडे मी बोट दाखवले, तेव्हा त्याने करुणेने माझ्याकडे पाहिले आणि "ती एक्स-शोरूम, सर" असे म्हणत कागद पुढे ओढला. ११ टक्क्यांप्रमाणे रस्ता कराचे ८८ हजार सरकारचे होते, तिथे वाद नव्हता. विमा बाहेरून घेतला तर चालेल का, असे मी विचारले. "चालतं की, सर," तो अशा आवाजात म्हणाला, की पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायची भाषा करणाऱ्या नातेवाइकांशी डॉक्टरही तसेच बोलत असतील. त्याखाली 'हँडलिंग' नावाची एक रक्कम होती. "गाडी गोदामातून इथपर्यंत आणावी लागते ना, सर." चार चाके आणि इंजिन असलेली वस्तू आपली आपण येत असेल, असा माझा इतके दिवस समज होता.

निदान मडफ्लॅप तरी फुकट द्या, असे मी म्हणालो. तो काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरकडे गेला. पाच मिनिटे ते दोघे हसत होते, एकाने हवेत बॅट फिरवल्यासारखेही केले आणि मग हा पडेल चेहऱ्याने बाहेर आला. "मी खूप भांडलो, सर. नाही म्हणतात."

इतक्यात जुन्या गाडीची किंमत ठरवणारे गृहस्थ आले. त्यांनी खिशातून काढलेले एक छोटे यंत्र पत्र्याला ठिकठिकाणी टेकवले, आकडे वाचले आणि "मागचा दरवाजा रंगवलाय" असे जाहीर केले. नंतर डिकीचे रबर उचलून आत वास घेतला. चौदा वर्षे मी या गाडीला रोज शिव्या देत आलो आहे. पण परक्या माणसाने तिचा वास घ्यावा, हे मला सहन झाले नाही. दरवाजा रिक्षाने घासला होता, आमची त्यात चूक नव्हती, शिवाय एसी अजूनही गार करतो, असे मी मुलगी दाखवायला बसलेल्या बापाच्या आवाजात सांगू लागलो. त्यांनी ३५ हजार लिहिले. त्यातले २० हजार 'एक्स्चेंज बोनस' होते, म्हणजे गाडीचे पंधराच.

"चालवून बघू," असे म्हणून ते चाकावर बसले आणि गाडी, हरामखोर, पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मी शेजारी बसलो. मला एकटे सोडणे धोक्याचे वाटल्याने टायवाला मागे बसला. पातलीपाड्याच्या अलीकडे मेट्रोच्या खांबांखाली वाहने तुंबली होती. तापमानाचा काटा वर चढताना मी पाहिला आणि एखाद्या ओळखीच्या माणसाने आपल्याला पाहू नये म्हणून जसे तोंड फिरवतात, तसे बाहेर पाहू लागलो. गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. चाकावरच्या गृहस्थांनी कागद काढून ३५ वर शांतपणे काट मारली आणि ते जागेवरून हलले नाहीत, तेव्हा आम्ही दोघे उतरलो. टायवाल्याने टाय खांद्यावर टाकला, माझ्याशेजारी डिकीला हात लावले आणि जोर करता करता, धापा टाकत, तो म्हणाला, "सर... मडफ्लॅपचं मी बघतो... आज बुकिंग करून टाका."