सेल्फ फिरतोय, म्हणजे बॅटरी गेलेली नाही!

सेल्फ मारला की इंजिन गर्र गर्र फिरतंय, नुसतं पकडत नाहीये. आता मला सांगा, ज्या बॅटरीत अख्खं इंजिन गरगरा फिरवायची ताकद आहे ती मेलेली कशी? पण फोंड्यातल्या गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली आणि बॉनेट उघडायच्या आधीच मेस्ताचा, म्हणजे मेकॅनिकचा, निकाल तयार: "बॅटरी गेल्या रे बाब."

हां, बॅटरी अगदीच मरगळली असेल, सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली उतरत असेल, तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गोंधळतो, मान्य. पण तेव्हा इंजिन कण्हत कण्हत फिरतं. आणि मल्टिमीटर लावला की अर्ध्या मिनिटात कळतं! मल्टिमीटर भिंतीवर टांगलेला होता. शोभेला.

बॅटरी बदलली. गाडी ढिम्म. मग "प्लग बदलून पळोवया." काढलेले प्लग मी हातात घेतले, कोरडे ठणठणीत. इतका वेळ सेल्फ मारल्यावर प्लग पेट्रोलने ओले व्हायला हवेत. कोरडे आहेत म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मग "पंप गेलाय." अरे, चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घूंऽऽ आवाज येतो तो काय माझ्या पोटातला? पंप फिरतोय! निदान प्रेशर गेज लाव, मग बोल. पण नाही. काळोखात दगड मारत सुटायचं, दगडांचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे.

त्यात दुपारी एकला शटर खाली. उघडणार साडेतीनला. बाहेर आषाढातला पाऊस कोसळतोय आणि टपरीवरचे सल्लागार जमलेत: "धक्का मारूया." कशाला? धक्का मारून जे करायचं ते सेल्फ करतोच आहे ना! उलट प्लगला करंट नसेल आणि पेट्रोल जात असेल, तर ते न जळता सायलेन्सरच्या वाटेने जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागेल. तो कोण भरून देणार, टपरीवाला?

मी सुरुवातीपासून कानीकपाळी ओरडत होतो की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नाही. इंजिन फिरतंय आणि काटा मेल्यासारखा पडलाय, म्हणजे पहिला संशय क्रँक सेन्सरवर. त्याचा सिग्नल नसला की इंजिन फिरतंय हेच ईसीयूला कळत नाही. मग तो ना करंट सोडतो, ना इंजेक्टर उघडतो. पण गिऱ्हाइकाचं ऐकलं तर मेस्ताची मेस्तगिरी कमी होते बहुतेक.

शेवटी मडगावहून त्याचा भाचा स्कॅनर घेऊन आला. एरर कोड पी०३३५. क्रँक सेन्सरचं सर्किट. कनेक्टर काढला तर पिनांवर हिरवा गंज चढलेला. गोव्याच्या पावसाळ्यात, या खाऱ्या दमट हवेत, दुसरं काय होणार! घासला, स्प्रे मारला, बसवला. पहिल्या सेल्फला चालू.

एक पार्ट लागला नाही. पण नवी बॅटरी, नवे प्लग, नवा पंप सगळं गाडीतच, कारण "इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाहीत, बाब." आणि बिलाच्या तळाशी वेगळी ओळ: चेकिंग चार्ज ५०० रुपये.

कसलं चेकिंग? कोणी केलं? कधी?