हॉपरच्या दाराबाहेरचा समुद्र

अतिवास्तववादाचा (सर्रिअॅलिझमचा) अंश त्या गटाबाहेरच्या चित्रांतही सापडतो, या माझ्या लेखावर सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: या चळवळीचा प्रवर्तक, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतोंचा जाहीरनामा १९२४ चा, त्याआधीच्या किंवा त्या गटाबाहेरच्या चित्रांत अतिवास्तववाद शोधणं म्हणजे विचित्र दिसेल त्यावर तोच शिक्का मारणं.

कोण कुठल्या गटातला, यावर माझा वाद नाहीच. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर वास्तववादीच. पण त्याचं १९५१ चं 'रूम्स बाय द सी' पुन्हा बघा. रिकामी खोली, भिंतीवर उन्हाचा तिरका पट्टा, उघडं दार आणि दाराबाहेर थेट समुद्र. पायरी नाही, अंगण नाही, किनारा नाही. ऊन इतकं खरं, की मधली जमीन गेली कुठे हे आधी लक्षातच येत नाही. मी म्हणतो तो अंश हाच. वस्तू सगळ्या ओळखीच्या, रंगवल्यात सरळ हाताने, फक्त दोन गोष्टींमधला सांधा काढून घेतलाय.

म्हणून तर माझ्या लेखात पंधराव्या-सोळाव्या शतकातला चित्रकार बॉश नव्हता. त्याचे चमत्कारिक प्राणी माझ्या बाजूचा भक्कम पुरावा ठरतील असं तुम्हाला वाटतं. मला तो सगळ्यात कच्चा वाटतो. त्याच्या काळी नरक ही खरीखुरी जागा होती, तिथे असले प्राणी असायचेच.

फ्रेंच चित्रकार आंरी रूसोच्या 'द ड्रीम'मध्ये (१९१०) घनदाट जंगलात सोफा आहे. इटालियन चित्रकार दे किरीकोच्या 'द साँग ऑफ लव्ह'मध्ये (१९१४) पुतळ्याच्या पांढऱ्या डोक्याशेजारी रबरी हातमोजा लटकतोय, जाहीरनाम्याच्या दहा वर्षं आधी. त्याच चित्राची छापील प्रत पाहून पुढे अतिवास्तववादी म्हणून गाजलेला बेल्जियन चित्रकार मॅग्रित हेलावला आणि त्याची वाट बदलली. म्हणजे चळवळ यातून शिकली, उलटं नव्हे.

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोने अतिवास्तववादाचा शिक्का नाकारला होता, हे तुमचं बरोबर. मी स्वप्नं नाही, माझं वास्तव रंगवते, असं ती म्हणे. तिच्या हेतूबद्दल ते खरंच असेल. पण १९३८ च्या 'व्हॉट द वॉटर गेव्ह मी'मध्ये बाथटबच्या पाण्यात ज्वालामुखी आहे आणि त्याच्या तोंडातून गगनचुंबी इमारत वर आलीय. बघणाऱ्याने त्याचं काय करायचं?

राहिली तुमची ऑटोमॅटिझमची अट, म्हणजे जाणिवेचा लगाम सोडून हात चालू देणं. ती काटेकोर लावलीत तर मॅग्रितही बाहेर जातो, कारण त्याची चित्रं पूर्ण विचारांती रचलेली. त्याच गटातल्या दालीचंही कठीणच. मग चित्रकारांपैकी आंद्रे मासों उरतो आणि मीरोची काही वर्षं. एवढी यादी तुम्हाला पुरणार आहे का?