हद्द वाढेल तेव्हा वाढेल, महाद्वार रोड आज आहे

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोल्हापूरच्या हद्दवाढीचा विषय निघाला की दोन तट पडतात. शहरातले काका म्हणतात, महापालिका 1972 साली झाली, तेव्हापासून हद्द इंचभर सरकली नाही. सगळी नवी वस्ती बाहेर, मग शहराला पैसा कुठून मिळणार? हद्दीला लागून असलेल्या पाचगावची आत्या म्हणते, आधी आहे त्या रस्त्यांवरचे खड्डे बुजवा, मग आमच्याकडं घरपट्टी मागायला या. प्रस्ताव जातो, कृती समिती उभी राहते, गावं बंद पाळतात, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत विषय थंड होतो. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे.

गेली चौदा वर्षं मी अमेरिकेत साऊथ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिल या गावी राहतो. गाडीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी करतो. शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत उमेदवारी केलेल्या माणसाला इथं यायला ही एकच वाट होती. या गावाबद्दल लिहावंसं वाटतं, कारण हद्दवाढीच्या वादातलं एक गृहीत इथं राहून माझ्यापुरतं खोटं ठरलं. ते गृहीत असं की हद्द वाढल्याशिवाय शहर वाढत नाही.

ग्रीनव्हिल शहराचं क्षेत्रफळ साधारण 75 चौरस किलोमीटर, आपल्या कोल्हापूरचं 66.82. लोकसंख्येत मात्र फार अंतर आहे. 2020 च्या जनगणनेत या शहरात 70,720 माणसं होती, कोल्हापुरात 2011 सालीच साडेपाच लाख. शहर धरून सगळ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सव्वापाच लाख लोक राहतात, पण त्यातले बहुतेक हद्दीबाहेर. या राज्यात जमीनमालकांनी स्वतः अर्ज केल्याशिवाय शहराला एखादा भाग सहसा आत घेता येत नाही. जुन्या कापडगिरण्यासुद्धा बहुतेक हद्दीबाहेरच होत्या. म्हणजे काकांचं गाऱ्हाणं इथल्या महापौरांनाही बऱ्याच अंशी लागू होतं.

तरी त्यांनी शहराचा मधला भाग उभा केला. साठच्या दशकापर्यंत मेन स्ट्रीटवर सगळी मोठी दुकानं होती. 1968 मध्ये बाहेर पहिला मोठा मॉल आला आणि गिऱ्हाईक गाडी घेऊन तिकडं वळलं. गिरण्याही पुढं एकेक करून बंद पडल्या. सत्तरच्या दशकातले महापौर मॅक्स हेलर हे व्हिएन्नाहून 1938 साली नाझींपासून जीव वाचवून आलेले ज्यू गृहस्थ. शर्टाच्या कारखान्यात झाडू मारण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. युरोपातल्या शहरांचे चौक त्यांनी पाहिले होते, आणि बाहेरून आलेल्या माणसाला गावात काय नाही ते लवकर दिसतं, असं मला स्वतःवरून वाटतं. त्यांच्या पुढाकारानं सत्तरच्या दशकाच्या शेवटी चार पदरी मेन स्ट्रीट दोन पदरी करण्यात आला. रुंद केला नाही, अरुंद केला! उरलेल्या जागेत पदपथ आले, ओकची झाडं लागली. ती झाडं आज इतकी मोठी झाली आहेत की भर ऑगस्टमध्येही रस्त्यावर सावली असते.

पुढं 1982 मध्ये मोठं हॉटेल आलं, 1990 मध्ये नाट्यगृह. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या रीडी नदीवर सुंदर धबधबा आहे, पण त्याच्या डोक्यावरून 1960 साली बांधलेला वाहनांचा पूल जात होता आणि खाली नदी झाकली गेली होती. शहरानं तो चालता पूल 2002 मध्ये पाडला. 2004 मध्ये तिथं फक्त पायी चालणाऱ्यांसाठी 355 फूट लांबीचा लिबर्टी ब्रिज उभा राहिला. वाहता पूल पाडायचा म्हटल्यावर विरोध व्हायचा तो झालाच. आज त्या पुलावरून धबधबा बघायला लोक दुसऱ्या राज्यांतून येतात आणि खाऊनपिऊन जातात. हॉटेलातल्या प्रत्येक बिलावर शहराचा वेगळा 2 टक्के कर असतो. म्हणजे पाहुणा शहर बघतो आणि शहरासाठी थोडं ठेवूनही जातो.

अर्थात, नोकऱ्या या पदपथांनी आणल्या नाहीत. बीएमडब्ल्यूचा कारखाना शेजारच्या स्पार्टनबर्ग काउंटीत, 1994 पासून चालू. टायर बनवणाऱ्या मिशेलिनचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय इथं. माझ्यासारख्यांचं पोट त्यावर चालतं. आयटी पार्क मागणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांना मी चूक कसा म्हणू? माझ्या बॅचमधले निम्मे पुण्यात आहेत. शहराच्या कडेच्या शेंडा पार्कला आयटी पार्क व्हायलाच हवा. पण तिथं काम करणारी पोरं संध्याकाळी कुठं जाणार, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारायला हवा.

कोल्हापूरला आम्ही नेहमी जे नाही त्यावरून मोजतो. जे आहे ते मात्र ग्रीनव्हिलला परत मिळवायला चाळीस वर्षं लागली. अंबाबाईच्या देवळासमोरचा महाद्वार रोड कधी ओस पडला नाही. गुजरीत सोनं-चांदी, चप्पल लाईनला चपला, कपिलतीर्थला भाजी, शाहूपुरीत शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेली गुळाची पेठ. एका फेरीत माणूस देवदर्शन, सोनं, चप्पल, मिसळ सगळं उरकतो. इथले नगररचनाकार ज्याला मिश्र वापर म्हणतात आणि ज्यासाठी बिल्डरांना सवलती देतात, तो आपल्याकडं शंभर वर्षांपासून चालत आला आहे. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या चपलेवरून जगभर कोल्हापुरीचं नाव झालं, पण चप्पल लाईनला वयस्कर माणसाला बसायला एक बाक मिळत नाही, याची मला फार खंत वाटते.

त्याच वर्षी मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळानं अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला 1,445 कोटी रुपयांची मंजुरी दिली. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयात सुरू झालं. सहा जिल्ह्यांतले वकील, पक्षकार शहराच्या पोटात येऊ लागले. इतक्या वर्षांच्या आंदोलनाचं ते यश आहे, आणि त्याची कायमची इमारत शेंडा पार्कला न नेता मध्यातच कशी ठेवता येईल, यावर कुणी बोललेलं मला ऐकायला आवडेल.

आराखड्याची मात्र मला भीती वाटते. ती ग्रीनव्हिलमुळंच वाटते.

इथल्या यशाची किंमत कुणी दिली, ते मेन स्ट्रीटवर फिरताना दिसत नाही. 2000 साली या शहरात जवळजवळ तिसरा हिस्सा लोक कृष्णवर्णीय होते. 2020 मध्ये ते प्रमाण चौथ्या हिश्श्याच्याही खाली आलं. मध्यभाग चमकला तशी लगतच्या वस्त्यांतली घरभाडी चढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं हद्दीबाहेर, जिथं बस विरळ तिथं गेली. आमच्या कारखान्यातला एक सहकारी सदर्नसाइड वस्तीत वाढला. त्यानं मला एकदा नदीकाठचं युनिटी पार्क दाखवलं. 2022 साली ते खुलं झालं. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मुलांना खेळायला तिथं एक तुकडा दिला होता आणि बाजूलाच शहराचा कचरा जाळला जाई. आता तिथं देखणं उद्यान आहे, लगतची काही जागा परवडणाऱ्या घरांसाठी राखली आहे. तो म्हणाला, "पार्क सुंदर आहे, पण माझी आजी ज्या गल्लीत राहायची तिथं आता आमच्यातलं कुणी राहत नाही." मी काहीच बोलू शकलो नाही.

माझ्या चुलतभावाचं महाद्वार रोडला पूजेच्या साहित्याचं दुकान आहे, आजोबांपासून पागडीचं. दहा बाय बाराची जागा. आराखड्यासाठी भूसंपादन झालं तर मोबदला मालकाला मिळेल. पोटभाडेकरू, माळ्यावर झोपणारा कामगार आणि समोर पाटीवर हार विकणारी मावशी यांचं नाव कुठल्या कागदावर असेल? बाहेर कुठं तरी व्यापारी संकुलात गाळा देतो म्हटलं तर गिऱ्हाईक तिथं चालत जाणार नाही. हार देवळासमोरच विकला जातो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आराखडा होऊ दे, दर्शनरांग सावलीत असू दे, गाड्या बिंदू चौकापलीकडंच थांबू देत, पण आधी यादी करा. जागेच्या सातबाऱ्याची नव्हे, माणसांची. कोण किती वर्षं बसतो, भाडं किती देतो, दिवसाला किती माल विकतो. नव्या बांधकामात पहिला हक्क त्यांचा, त्याच भाड्याच्या आसपास, आणि काम चालू असेपर्यंत जवळच तात्पुरती जागा. ग्रीनव्हिलनं मध्यभाग आधी उभा केला आणि घरांचा विचार नंतर. आपल्याला क्रम उलटा ठेवता येतो, कारण आपली माणसं अजून तिथंच आहेत.

शाहू मिलचंही तसंच. 1906 ची गिरणी, 2003 पासून बंद. इथं 1900 ची मोनॅघन मिल आता राहत्या घरांची इमारत आहे, बाहेरून विटा त्याच. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला 2022 मध्ये मिलच्या आवारात कृतज्ञता पर्व झालं, तेव्हा फोटोंत ती गर्दी बघून मी आईला लगेच फोन केला होता. ती म्हणाली, "अरे, तुझे आजोबा तिथंच कामाला होते, आज मी पहिल्यांदा आतून बघितली." ते आवार वर्षभर असंच उघडं राहायला हद्दवाढीचा ठराव लागत नाही.

येत्या डिसेंबरात मी येतोय. काका आणि आत्या, दोघांनाही एका सकाळी घेऊन बिंदू चौकातून देवळापर्यंत पायी जायचं ठरवलं आहे. आत्याचे गुडघे दुखतात, मध्ये दोनदा तरी बसावं लागेल. कुठं बसायचं, ते चुलतभावाला विचारून ठेवलं आहे. तो म्हणाला, दुकानाच्या पायरीवर.