जाड पाइप लावला म्हणून रॅक मजबूत होत नाही

दक्षिण टेक्ससच्या काटेरी रानात हरणं आणि रानडुकरं हेरण्यासाठी पिकअपच्या हौद्यावर उंच बैठकीचा लोखंडी सांगाडा उभारतात. तिकडे त्याला ‘हाय रॅक’ म्हणतात. तो घरी बनवण्याचा एक सल्ला खूप फिरतो आहे: ‘मिळेल तेवढा जाड पाइप घ्या, हौद्याच्या कडांना वेल्ड करा, पुढची बाजू केबिनच्या टपाला जोडा, आयुष्यभर हलणार नाही.’ यावर विसंबून माणसं जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंच बसतात, म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी जाडी. 2 इंची चौकोनी पाइपची भिंत 1/8 इंचावरून 1/4 इंच केली, तर वजन जवळपास 85 टक्क्यांनी वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध 65 टक्क्यांच्या आसपासच वाढतो. त्याऐवजी 1/8 इंच भिंतीचाच 3 इंची पाइप घ्या. तो त्या जाड पाइपपेक्षा हलका असतो आणि दुपटीहून अधिक ताठ. धातू मध्यापासून जितका लांब, तितका तो वाकण्याला जास्त अडवतो. भिंत आतून जाड करून हे साधत नाही.

त्यातही उंच रॅक बहुधा पाइप वाकून निकामी होत नाही. चार खांब आणि वरची चौकट एवढंच असेल, तर खड्ड्यात चाक आदळलं की सगळी चौकट तिरकी होऊ पाहते आणि तो ताण कोपऱ्यांतल्या वेल्डवर येतो. तिथेच तडा जातो. निदान मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या चौकटीत तिरपा आधार द्या, कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या लावा. ज्या रॅकला तिरपा आधार नाही, त्यावर मी कुणाला बसू देणार नाही, पाइप कितीही जाड असो.

‘कडांना वेल्ड करा’ हे तर कित्येक गाड्यांवर शक्यच नाही. फोर्ड एफ-150 चा हौदा 2015 च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचा आहे. त्याला लोखंड नेहमीच्या वेल्डिंगने जोडता येत नाही. बोल्टने जोडलं, तरी ओलाव्यात दोन धातूंच्या मध्ये गंज धरतो, म्हणून मध्ये रबर किंवा प्लास्टिकचा थर हवा. हौदा लोखंडी असला, तरी त्याचा पत्रा पातळ. वेल्डच्या कडेने तो फाटतो. खांबांचे पाय हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर येतील असे ठेवा, वर-खाली जाड प्लेट देऊन आरपार बोल्ट घाला. म्हणजे भार शासीवर (गाडीच्या खालच्या मुख्य सांगाड्यावर) उतरतो.

केबिनला जोडणं ही सर्वांत घातक सूचना. पिकअपमध्ये केबिन आणि हौदा शासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. ओबडधोबड वाटेवर शासी पिळते तेव्हा दोन्ही वेगळे हलतात. रॅक दोघांना जखडला, तर काही तरी तुटणारच: वेल्ड, नाहीतर टपाचा पत्रा. रॅक टपावर झुकवायचा असला, तरी हौद्यावरच पेलून धरा आणि मध्ये मोकळी फट ठेवा.

राहिलं वजन. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल ते छापलेलं असतं. रॅक आणि वर बसणारे, दोन्ही त्यातच धरायचे. शिवाय हे वजन उंचावर असतं, त्यामुळे उताराला आडवी गेलेली गाडी लवकर कलंडते. जाड पाइपने वरचं ओझं आणखी वाढतं.