अर्धवट कामांचा सांभाळ

काम पूर्ण करणं ही सामान्य माणसाची सवय. केलं, संपलं, विसरलं. डोक्याला उरतं काय? तुम्हाला रात्री अडीच वाजता पंख्याकडे बघत जागं राहायचं असेल, लोकलमध्ये ठाण्याला खिडकी मिळाली तरी तिचं सुख लागू द्यायचं नसेल, तर कामं अर्धी सोडायला शिका. सुरूच न केलेली कामं चालणार नाहीत हं. ती बिचारी गप्प बसतात. हात लावून सोडलेलं काम हवं.

सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म यासाठी उत्तम. नाव लिहा, फ्लॅट नंबर लिहा आणि शेअर सर्टिफिकेटच्या रकान्याशी पेन खाली ठेवा. सर्टिफिकेट कपाटात, वरच्या खणात, जुन्या पासबुकांच्या खाली आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. साक्षीदार म्हणून सही करायला समोरच्या काकू दिवसभर दार उघडं टाकून बसलेल्या असतात. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. तरी उठू नका. फॉर्म फ्रिजवर ठेवा, त्यावर गॅसचं पुस्तक, त्यावर कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. मात्र एक कोपरा बाहेर डोकावू द्या. दूध काढताना तो दिसला पाहिजे, आणि दिसला की छातीत बारीकसं काहीतरी झालं पाहिजे. दिवसातून चार वेळा चहा होत असेल तर बघा, एका कागदात किती काम होतं!

याला शास्त्राचा आधार आहे. ब्लूमा झायगारनिक नावाच्या बाईंनी बर्लिनमध्ये लोकांना मणी ओवणं, कोडी सोडवणं अशी फुटकळ कामं दिली आणि निम्म्या कामांत मध्येच थांबवलं. अडवलेली कामंच लोकांच्या जास्त लक्षात राहिली, असं त्यांनी 1927 साली लिहिलं. हे आठवणीचं गणित पुढे बऱ्याच जणांच्या प्रयोगांत जुळलं नाही, पण म्हणून खट्टू होऊ नका. मारिया ओव्हसियानकिना यांनी 1928 मध्ये दाखवलेली गोष्ट जास्त टिकली: थांबवलेल्या कामाकडे माणूस कुणी न सांगता पुन्हा वळू पाहतो. म्हणजे तुम्ही ऑफिसला निघालात तरी तुमच्या आतला कारकून फ्रिजपाशीच उभा. कुर्ला गेलं, सायन गेलं, तो हललेला नाही.

ऑफिसात पोचल्यावरही ढिलाई नको. एक्सेल शीट अर्ध्यावर टाकून मीटिंगला जा. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये मांडलं की अपुरं काम सोडून दुसऱ्याला लागलं, तर लक्षाचा काही भाग मागेच चिकटून राहतो. साहेबांनी नाव घेतल्यावर ‘काय म्हणालात?’ असं विचारण्याची मजा यातच आहे.

आणि एकटं वाटून घेऊ नका. अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी 2024 मध्ये अर्धा उघडला तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. आपल्या हॉलमधलं एका बाजूने लोंबणारं शेल्फ त्या मानाने काहीच नाही. (पुढे त्यांनी जॅक लावून पूल जुळवला. तेवढा भाग गिरवू नका.)

आता जपायचं कशापासून, तर कागद-पेनपासून. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी 2011 मध्ये फार घातक गोष्ट छापली. काम करायचीसुद्धा गरज नाही. कधी, कुठे, कसं करणार हे नेमकं ठरवलं की डोक्यातली भुणभुण कमी होते. ‘शनिवारी नाश्ता झाला की वरच्या खणातून सर्टिफिकेट काढायचं आणि काकूंची सही घ्यायची’ एवढं लिहिलंत की संपलं. फॉर्म अर्धाच, तुम्ही मात्र निवांत. याला काय अर्थ आहे?

2018 चा एक अमेरिकन प्रयोग तर झोपेच्याच मुळावर उठलेला. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्या लोकांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारकाईची, तितकी झोप लवकर. तेव्हा लिहिल्याशिवाय राहवतच नसेल तर ‘घरची कामं’ एवढंच लिहा आणि खाली दोन रेघा मारा.

‘मला हे करायचंच नाही’ असं कबूल करून काम कायमचं रद्द करणं हा तर शुद्ध अघोरीपणा. कपाटावरची गिटार विकू नका, तारा आणा. बसवू नका.

राहता राहिले सेक्रेटरीकाका. ते जिन्यात गाठतीलच. चप्पल घालता घालता म्हणा, ‘काका, फॉर्म जवळजवळ झालाय, रविवारी आणून देतो.’ कुठला रविवार ते त्यांनी विचारलं, तर मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून सांगतो म्हणा.