‘बिल्डरला शिव्या घालणं सोपं असतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की यातलं निम्मं तरी बरोबर आहे. म्हणून नुसते आभार मानून मोकळी होण्याऐवजी सविस्तर लिहितेय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: भर शहरातल्या इमारती पाडायच्या आणि मग वर्षानुवर्षं तिथे काहीच बांधायचं नाही, यावर मी मागच्या लेखात अमेरिकेतलं बॉस्टन आणि इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड या शहरांची उदाहरणं देऊन लिहिलं होतं. लोकांचा संताप रास्त आहे, असा एकूण सूर होता. तुमचं म्हणणं असं की 2008 ची मंदी काही डेव्हलपरने आणली नव्हती. जमीन त्याने पैसे मोजून घेतलेली, बुडाला तर त्याचाच पैसा बुडणार. प्रकल्प रखडतात ते मुळात विरोध करणाऱ्यांमुळे. आणि शेवटी दोन्हीकडे इमारती उभ्या राहिल्याच की, मग एवढा गळा कशाला काढायचा? जाता जाता ‘बिल्डरला शिव्या घालणं सोपं असतं, टाळ्याही मिळतात’ असा टोलाही.

टोला मान्य. मिळतात टाळ्या.

आधी माझी चूक. बॉस्टनचा डेव्हलपर ‘खड्डा करून पळून गेला’ असं मी लिहिलं होतं. ते साफ चुकलं. तो पळाला नाही. पळाला असता तर एका परीने बरं झालं असतं, दुसरा कोणी आला असता. तो जागा धरून बसला, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

फिलीन्स हे बॉस्टनच्या अगदी मध्यवर्ती चौकातलं जुनं डिपार्टमेंट स्टोअर, इमारत 1912 ची. दुकान 2006 मध्ये बंद झालं. तळघरातलं सवलतीच्या मालाचं दुकान वेगळं, त्याच्यावर शहराचा फार जीव. ते 2007 मध्ये ‘काम झालं की परत येतो’ म्हणून बंद केलं गेलं. 2008 मध्ये पाडकाम झालं आणि त्याच वर्षी पैसा आटला. जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंती तेवढ्या उभ्या, बाकी खड्डा. तळघरातलं ते दुकान तिथे परत आलंच नाही. 2011 च्या अखेरीस त्याची सगळी साखळीच बंद पडली.

मंदी डेव्हलपरने आणली नाही हे अगदी खरं. पण माझा प्रश्न मंदीचा नाहीच. प्रश्न क्रमाचा आहे. इमारत पाडली तेव्हा नवी बांधायला लागणारं कर्ज पक्कं झालेलं होतं का? झालेलं असतं तर काम असं जागच्या जागी थांबलं नसतं. पाडकाम हा एकूण खर्चाचा अगदी किरकोळ भाग असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तुम्ही बांधकाम-कर्जांच्या कामात होतात असं लिहिलंयत. थोडक्यात, पाडायला फार पैसा लागत नाही आणि बांधायला प्रचंड लागतो. आणि परवानग्यांची व्यवस्था बहुतेक ठिकाणी अशी की पहिलं करायला दुसऱ्याची खात्री कोणी मागत नाही. मंदी नसती आली तर दुसरं काही आलं असतं. मोठा भाडेकरू मागे फिरला असता, व्याजदर चढले असते, भागीदारांचं फाटलं असतं. वीस-पंचवीस वर्षांत एकदा तरी मंदी येतेच, तिला अस्मानी संकट म्हणायचं कसं?

आता ‘बुडाला तर त्याचाच पैसा बुडणार’ याबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

बॉस्टनच्या प्रकल्पात व्होर्नाडो ही न्यूयॉर्कची बलाढ्य रिअल इस्टेट कंपनी होती. तिचे प्रमुख स्टीव्हन रॉथ यांनी 2010 मध्ये कोलंबिया विद्यापीठात एक भाषण केलं. त्यात त्यांनी मॅनहॅटनमधल्या त्यांच्याच दुसऱ्या एका जागेची गोष्ट सांगितली. अलेक्झांडर्स नावाचं दुकान बंद पडल्यावर ती मोक्याची जागा त्यांनी बराच काळ तशीच पडू दिली. का, तर जागा जितकी भकास दिसेल तितकी सरकारला ती सुधारून घ्यायची घाई होईल, आणि वेळ आली की तितकी जास्त मदत मिळेल. हे त्यांनी विद्यार्थ्यांसमोर, धंद्यातली हुशारी म्हणून सांगितलं! बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो भडकले, आणि का भडकू नयेत? त्यांच्या शहराच्या मधोमध त्याच कंपनीचा खड्डा होता. त्याच वर्षी शहराने त्या प्रकल्पाची मंजुरी मागे घेतली.

बॉस्टनचा खड्डाही मुद्दाम ठेवला होता, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि रॉथ बोलत होते ते न्यूयॉर्कच्या जागेबद्दल. पण त्या भाषणाने एक गोष्ट उघड केली. थांबणं हा नेहमीच तोटा नसतो. ज्याच्याकडे दम आहे त्याच्यासाठी ओसाड जागा म्हणजे वाटाघाटीतलं हत्यार. त्याचा पैसा अडकतो, बुडत नाही. जमीन जागेवरच असते आणि सहसा तिचा भाव चढतो. बुडतो तो समोरचा छत्र्या-चपला विकणारा. पत्र्याच्या कुंपणाशेजारून माणसं चालायचं टाळतात, रस्ता बदलतात आणि एकदा बदललेली सवय पुन्हा येत नाही. या दुकानदाराने कुठला धोका पत्करला होता? त्याच्याशी कोणी करार केला नव्हता, त्याला नफ्यात वाटा नव्हता. ‘खासगी पैसा, खासगी जोखीम’ हे वाक्य कुंपणाच्या आत खरं आहे. बाहेर नाही.

विरोध करणाऱ्यांमुळे प्रकल्प रखडतात, हा तुमचा मुद्दा काही ठिकाणी खरा असतो. पण मी दिलेल्या दोन्ही शहरांत तो लागू पडत नाही. ब्रॅडफर्डमध्ये लोकांनी काही अडवलं नव्हतं. उलट नवं शॉपिंग सेंटर हवंच होतं. 2004 मध्ये पाडापाडी सुरू झाली, 2008 मध्ये सगळं थंडावलं. आंदोलक आत शिरून ठाण मांडून बसले ते 2012 मध्ये, म्हणजे पाडापाडीला आठ वर्षं होत आल्यावर. आधी रखडलं, मग लोक चिडले. सेंटर उघडलं नोव्हेंबर 2015 मध्ये.

तुम्हाला विरोधाचंच उदाहरण हवं असेल तर मी देते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं न्यू लंडन. तिथे किनाऱ्यालगतची वस्ती हटवून विकास करायचा होता. सुझेट केलो आणि काही शेजारी घरं सोडायला तयार नव्हते. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2005 मध्ये 5 विरुद्ध 4 अशा निकालाने शहर जिंकलं: आर्थिक विकास हाही सार्वजनिक उपयोगच, त्यासाठी घरं घेता येतात. खटल्यात वर्षं गेली, कबूल. पण मग विरोधक हरल्यावर, अडथळा दूर झाल्यावर काय झालं? ठरलेलं काहीच उभं राहिलं नाही. ज्या फायझर या औषध कंपनीच्या भरवशावर ही सगळी आखणी होती, तिने 2009 मध्ये तिथलं केंद्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. जागा पुढे कित्येक वर्षं गवतात पडून. केलो यांचं गुलाबी घर सुटं करून शहरात दुसरीकडे नेऊन उभं केलं, म्हणजे त्या सगळ्या प्रकरणात धड उभं राहिलं ते पाडायला काढलेलं घरच.

‘शेवटी झालंच की’ याला काय उत्तर देऊ? बॉस्टनमध्ये दुसऱ्या कंपनीने साठ मजली टॉवर बांधला, 2016 मध्ये तो पूर्ण झाला, जुनी इमारतही छान सावरली. मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू. शिकागोच्या मध्यात ‘ब्लॉक 37’ नावाचा अख्खा चौक 1989 मध्ये पाडायला घेतला आणि तिथला मॉल उघडला 2009 मध्ये. तिथेही ‘शेवटी झालंच’. फक्त मधे वीस वर्षं गेली. तेव्हा जन्मलेलं पोर कॉलेजात गेलं. (तिथे एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली: रिकाम्या जागेवर उन्हाळ्यात मुलांसाठी कलाशिबिरं आणि हिवाळ्यात बर्फावरचं स्केटिंग सुरू केलं गेलं. पत्रे ठोकून बसण्यापेक्षा हे कधीही बरं.)

तुम्ही विचारलंत, मग करायचं काय, सगळं सरकारने बांधायचं? नाही हो. सरकारी खड्डेही मी पाहिलेत. माझी मागणी त्यापेक्षा बरीच किरकोळ आहे: बांधकामाचा पैसा पक्का झाल्याचं दाखवल्याशिवाय पाडकामाची परवानगी देऊ नये, आणि काम अर्धवट राहिलं तर वटवता येईल अशी बँक हमी आधीच घ्यावी. यात जगावेगळं काही नाही. महाराष्ट्रात सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 अ खाली सरकारने दिलेल्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक हमीची अट आहेच. पाळली किती जाते हा वेगळा विषय, त्यावर एक स्वतंत्र लेख होईल. पण निदान अट सुचली तरी.

नुसती मुदत घालून भागत नाही, हेही सांगते. इंग्लंडमध्ये परवानगी मिळाल्यावर साधारण तीन वर्षांत काम ‘सुरू’ करावं लागतं. पण कायद्याच्या लेखी पायासाठी चर खणला तरी काम सुरू झालं. एक चर, आणि परवानगी शाबूत. काम पूर्ण करा अशी नोटीस देता येते, पण न केल्यास काय, तर परवानगी रद्द. म्हणजे खड्डा तसाच, फक्त आता तो भरायची परवानगीही नाही!

तेव्हा तुमच्याकडून एक हवंय. पाडकामाआधी कर्ज पक्कं असावं अशी अट घातली तर बँका म्हणतील, आधी जागा मोकळी करून दाखवा, मग कर्ज देतो. ही अडचण मला दिसते आणि तिच्यावरचा तोडगा मला नीट माहीत नाही. तुम्ही त्या टेबलाच्या पलीकडे बसलेले आहात. टप्प्याटप्प्याने पाडायला परवानगी दिली तर बँक ऐकते का? की जागा मोकळी होण्यावर अवलंबून असलेली सशर्त मंजुरी पुरते? सवडीने लिहा, मी ते मूळ लेखाखाली जोडेन.

‘पळून गेला’ हे शब्द आज काढलेत. तिथे आता ‘जागा धरून बसला’ असं आहे.