बदनामी मुरुडचीच का? 'एक दापोलीकर' यांना उत्तर

नमस्कार. प्रतिक्रियेखाली नाव नाही, नुसतं 'एक दापोलीकर' आहे, म्हणून मीही तसंच म्हणतो.

'आपल्या तालुक्यातली मोठी माणसं' या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : "सगळी गाव सोडून गेलेली माणसं. त्यात कर्व्यांच्या बहिष्काराचं जुनं मढं उकरून मुरुडची अब्रू काढलीत. आणि कॅम्पात राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांचं नावसुद्धा नाही. बदनामी मुरुडचीच का?" (कॅम्प म्हणजे दापोलीची जुनी लष्करी छावणी.) रागात लिहिलंय, पण शेवटचा प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे येतोच, आधी सोपं उरकतो.

गाव सोडणार नाहीत तर काय करणार? धोंडोपंत, म्हणजे महर्षी कर्व्यांना सहावीची परीक्षा द्यायची होती, ती साताऱ्याला. पावसाचे दिवस, बोटी बंद. मुरुडहून पोरं चालत निघाली, घाट चढून साताऱ्याला पोचली. तिथे साहेबांनी यांच्याकडे बघितलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, बसता येणार नाही. वय भरलेलं होतं, अंगकाठीच लहान. आले तसे परत. पुढे मुर्डीच्या र. पु. परांजप्यांना शिकायला याच कर्व्यांचा आधार झाला आणि १८९९ साली ते केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत सगळ्यांत वरचे, झाले, असे पहिले भारतीय. मुर्डीत बसून हे झालं नसतं, एवढंच.

आता बहिष्कार. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेली. ११ मार्च १८९३ ला त्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई देवरुखच्या, लहानपणी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, तेव्हा तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये त्या होत्या. त्याच पुढे बाया कर्वे. नवराबायको मुरुडला आल्यावर गावाने सभा भरवून ठरावच केले. कर्वे असतील त्या सभेला कुणी जायचं नाही. घरच्यांनी त्यांना घरात ठेवलं तर घरच्यांवरही बहिष्कार. हे मी रचलेलं नाही, कर्व्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि त्यात आदळआपट नाही, गावाला शिव्या नाहीत. त्यांनी लपवलं नाही ते तुमच्या-माझ्या भिडेखातर मी का लपवू? १९५८ चं भारतरत्न तेवढं आपलं आणि १८९३ चा ठराव कुणा परक्याचा, असं कसं चालेल? तो परिच्छेद काढणार नाही.

वलंगकरांचं मात्र तुमचं सोळा आणे खरं.

रावढळचे गोपाळबाबा पलटणीतून पेन्शनीत निघाले आणि दापोलीला राहिले. जोतिरावांच्या विचारांचा माणूस. १८८८ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली आणि उच्चवर्णीयांना धडाधड सव्वीस प्रश्न विचारले, विटाळ कसला आणि कुणी ठरवला म्हणून. पुढे पलटणीत महारांची भरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू करावी असा अर्जही त्यांनीच तयार केला. रामजी सुभेदारही पेन्शनीनंतर काही काळ कुटुंबासह इथे कॅम्पातच होते, म्हणजे बाबासाहेबांच्या लहानपणाचा एक तुकडा आपल्या तालुक्यातला. माझ्या लेखात त्याचीही एक ओळ नव्हती.

तुमची प्रतिक्रिया वाचून मी तारखा शेजारी शेजारी मांडल्या. सव्वीस प्रश्न १८८८, मुरुडचा ठराव १८९३. तालुका एकच. कर्व्यांना पंगतीबाहेर बसवायला गावाला सभा घ्यावी लागली. वलंगकरांसाठी कुणाला सभाही घ्यावी लागली नाही, ते जन्मापासून बाहेरच. मी ठराव असलेला बहिष्कार लिहिला आणि ठराव न लागणारा सोडून दिला. म्हणजे 'मुरुडचीच का' हे तुम्ही विचारलंत ते वेगळ्या कारणाने, पण लागलं बरोबर ठिकाणी.

नाव सुटलं कसं, तेही सांगतो. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात फोटोंची रांग होती. टिळक, कर्वे, साने गुरुजी, पां. वा. काणे. चुन्याची भिंत, पावसाळ्यात काचेच्या आतून बुरशी चढायची, आणि १८ एप्रिलला स्टुलावर चढून कर्व्यांच्या फोटोला हार घालायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. लेख लिहायला बसलो तेव्हा माहिती शोधली ती नंतर, यादी आधीच तयार होती. त्या भिंतीवरूनच उतरवलेली. भिंतीवर वलंगकर नव्हते.

वलंगकरांवरचा भाग लिहायला घेतलाय, या आठवड्यात लेखात घालतो, शेपटाला नाही, कर्व्यांच्या आधी, कारण साल आधीचं आहे. कॅम्पातल्या जुन्या घरांबद्दल तुम्हाला घरच्या कुणाकडून काही ऐकून ठाऊक असेल तर इथेच खाली लिहा, यावेळी नावानिशी लिहिलंत तर आणखी बरं.

आणि हो, साने गुरुजींचं गाव लेखात 'पालघर' पडलं होतं, ही मोबाइलची कृपा. पालगड केलंय. ते तुमच्याही नजरेतून सुटलं!